‘सव्वाचार’मधली बाई

१

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी बाराला आम्ही नऊ-दहा जण हिंजवडीजवळ नेऱ्यात मृण्मयीच्या फ्लॅटवर जमायचो आणि एकच सिनेमा बघायचो. सात वर्षं हे चाललं होतं. कुणी खिचडी आणायचं, कुणी ताक. पडदे ओढायचे, पंखा बंद करायचा, कारण पंख्याच्या आवाजात सिनेमातले बारीक आवाज बुडतात.

सिनेमाचं नाव ‘सव्वाचार’. पुण्यातल्या पाच मित्रांनी दोन हजार बारा साली मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर अठरा दिवसांत केलेला. एक घर, एक नट, एकाहत्तर मिनिटं. थेटरात तो कधी लागला नाही. भर पावसात एक माणूस घाटातल्या एका घरात मुक्कामाला येतो. दुपारी सव्वाचारला आतल्या खोलीत जातो, बाहेर येतो, तर कालचे सव्वाचार वाजलेले असतात. तो पुन्हा आत जातो. शेवटी ओसरीत ओल्या चपलांचे चार जोड असतात आणि माणूस एकच. सिनेमा संपतो.

माणूस एकच की चार, यावर आमच्यात सात वर्षं भांडणं झाली. मृण्मयी हिंजवडीत नोकरी करते, पण तिचं खरं काम हा सिनेमा. तिच्या हॉलच्या एका भिंतीवर रंगीत दोऱ्यांनी सगळा काळ मांडलेला आहे. लाल दोरा पहिल्या दिवसाचा, निळा दुसऱ्याचा. तिला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं त्या भिंतीबद्दल विचारलं, मृण्मयीनं दोन तास समजावून सांगितलं, आणि ते लोक पुन्हा आले नाहीत. हे ती हसत सांगते.

माझं नाव अभय. मी वाकडच्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासतो. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की त्यानं दाबायचं. मी काहीच आवाज सोडलेला नसतो तेव्हाही कित्येक जण बटण दाबतात. ते खोटं बोलत नसतात. वाट बघणाऱ्या कानाला काहीतरी ऐकू येतंच.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला तो माणूस आतल्या खोलीत एका बंद दाराला टेकून बसलेला असतो. बाहेर पाऊस. आणि दारामागून एका बाईचा आवाज येतो.

“आरं, जेवला का न्हाई?”

चार सेकंद. माणूस उत्तर देत नाही. ते दार सिनेमात कधीच उघडत नाही. आमचा ग्रुप तिला ‘दारामागची बाई’ म्हणायचा. ती त्याची मेलेली बायको आहे, ती पुढच्या काळातली आहे, ती तोच आहे, असे सगळे तर्क मी गप्प बसून ऐकले. ती बाई कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती माझी आई होती.

२

आई पौडच्या बचत गटात होती. गट जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचा. सिनेमावाल्यांना अठरा दिवस ताम्हिणीत राहून स्वयंपाक करणारं कुणीतरी हवं होतं, आई गेली. मी तेव्हा पुण्यात वसतिगृहावर राहून शिकत होतो. तिनं तिथून कुणाच्या तरी फोनवरून तीनदा फोन केला. “अब्या, शूटिंग बघाय ये की. लई मजा हाय.” घर कुठं, ढाब्यामागून वाट कशी, तेही सांगितलं. माझी परीक्षा होती. खरं सांगायचं तर परीक्षा तिसऱ्या फोनच्या आधीच संपली होती.

पुढच्या फेब्रुवारीत तिला ताप आला. तीन दिवस. मी पौडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा बाबा मला न्यायला आले नव्हते, शेजारचे दोघं आले होते. त्यावरून मी समजलो.

तिचे फोटो आहेत. धम्मपरिषदेतला एक, माझ्या बारावीच्या निकालाचा एक. आवाज मात्र कुठंच नव्हता. दोन-तीन वर्षांत तो माझ्या डोक्यातूनही जायला लागला. शब्द आठवायचे, पण ते माझ्याच आवाजात. माझ्या कामात मला हे नेमकं कळतं, की चेहऱ्याआधी आवाज पुसला जातो, आणि कळून काही उपयोग नसतो.

मग एका दुपारी दवाखान्यातल्या एका पेशंटनं या विचित्र सिनेमाबद्दल सांगितलं, ताम्हिणीत काढलाय म्हणाला. मी मोबाइलवर लावला. त्रेचाळिसाव्या मिनिटाला माझ्या हातातला डबा खाली पडला.

पाठीमागे स्वयंपाक करता करता तिनं कुणाला तरी विचारलं असेल, आवाज सिनेमाच्या ध्वनिपट्टीत शिरला असेल, आणि पोरांना तो आवडून त्यांनी ठेवला असेल. एवढंच.

मी ग्रुपला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती त्यांची झाली असती. भिंतीवर तिच्यासाठी एक दोरा लागला असता.

माझी बायको धम्मदीपा आईला कधी भेटली नाही. तिला मात्र ठाऊक होतं. “चारच सेकंद आहेत, अभय,” ती एकदा म्हणाली. “दिवसातून किती वेळा ऐकतोस?”

मी म्हणालो, “एकदा.”

आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

३

गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही नेहमीसारखे बसलो होतो. त्रेचाळिसावं मिनिट आलं. मी डोळे मिटले. मी नेहमीच मिटतो.

“अरे, जेवलास की नाही?”

मी डोळे उघडले. पडद्यावर तेच दार, तोच पाऊस, तोच टेकलेला माणूस. बाकीचे खिचडी खात होते. कुणाची मान हलली नाही.

माझी आई ‘की नाही’ म्हणेल? ती ‘अरे’ म्हणेल? आवाज तिचाच होता. तोच थोडा घोगरा, शेवटी वर जाणारा. पण बोली पेठेतल्या बाईची. जणू कुणी शाळेत घालून तिच्याकडून ते वाक्य नीट करून घेतलं होतं.

मी स्वतःला समजावलं. सात वर्षं चार सेकंदांचा आवाज इतक्या वेळा घासला की कानानं त्याची स्वतःची प्रत करून ठेवली असणार. माझ्यासमोर रोज असे कान येतात. घरी आल्यावर जुना पेन ड्राइव्ह काढला. त्यातली प्रत मी सात वर्षांपूर्वी उतरवून घेतली होती, नंतर तिला कुणाचा हात लागला नव्हता.

“अरे, जेवलास की नाही?”

मी ते सोळा वेळा लावलं. सतराव्या वेळी धम्मदीपानं येऊन माझ्या कानावरचे हेडफोन काढून घेतले आणि स्वतः लावले.

“हे आधीपासून असंच नव्हतं का?” तिनं विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “बाबांना ऐकव. मी काय सांगणार?”

४

माझे वडील जयवंत एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. पौडच्या घरात एकटे राहतात. गाड्यांच्या आवाजानं त्यांचे कान जवळजवळ गेलेत. मशीन मीच बसवून दिलंय, पण ते बहुतेक वेळ खिशात असतं. भुताखेताच्या गोष्टी त्यांच्यासमोर कुणी काढल्या तर ते उठून जातात. “बाबासाहेबांनी आपल्याला त्यातनं बाहेर काढलं, पुन्हा कशाला शिरायचं,” म्हणतात.

आईचा आवाज सापडलाय हे मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. सात वर्षं. सांगायला गेलो तेव्हा मला त्याची लाज वाटली.

ते रागावले नाहीत. मशीन खिशातून काढून कानात घातलं, वर मोठे हेडफोन चढवले आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी आवाज पूर्ण मोठा केला. वाक्य आलं आणि गेलं. त्यांनी बोटानं पुन्हा अशी खूण केली. पुन्हा लावलं. असं चार वेळा.

मग हेडफोन काढून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“आवाज तिचाच हाय,” ते म्हणाले. “बोलतंय दुसरंच कोनीतरी.”

“म्हणजे काय बाबा?”

“मला काय ठावं? तूच शिकलायस त्येचं.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “पुन्यांदा लाव.”

५

मृण्मयीला सांगण्यावाचून इलाज नव्हता, कारण तिच्याकडे वही होती. सिनेमातला प्रत्येक शब्द तिनं पहिल्याच वर्षी लिहून काढला होता.

मी दारातच विचारलं, “त्रेचाळीस मिनिटं. दारामागची बाई काय म्हणते?”

तिनं वही उघडली. निळ्या शाईत लिहिलं होतं: आरं, जेवला का न्हाई. शेजारी कंसात: गावाकडची बाई?

मग तिनं सिनेमा लावला. ऐकलं. वहीकडे बघितलं. पुन्हा ऐकलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही, कारण तिथं भीती नव्हतीच. कुणाला तरी देव पावावा तसा तो उजळला.

“अभय, तो बदलतोय,” ती हळूच म्हणाली. “सिनेमा बदलतोय!”

तिनं दिग्दर्शकाला, कौस्तुभला, लिहिलं. तो आता सिनेमे करत नाही, कुठल्याशा कंपनीत आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं: फाइल तीच आहे, बारा सालची, कुणी हात लावलेला नाही. तो आवाज आम्ही मुद्दाम घेतला नव्हता. कृपया घराचा पत्ता विचारू नका.

ते घर ग्रुपमधल्या कुणालाही सापडलं नव्हतं. मी म्हणालो, “पत्ता मला माहीत आहे.” आणि मग बाकीचंही सांगितलं.

मृण्मयी बराच वेळ भिंतीवरच्या दोऱ्यांकडे बघत राहिली. “तू सात वर्षं इथं बसून आमचे मूर्खपणाचे तर्क ऐकलेस.”

“हो.”

“तुझी आई होती ती.” तिचे डोळे भरले. ते पुसून ती लगेच म्हणाली, “कधी जायचं?”

६

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिच्या गाडीनं निघालो. पौड मागं पडलं, धरणाचं पाणी बराच वेळ उजवीकडे राहिलं, मग घाट. गवत पिवळं पडलेलं, आभाळ कोरडं निळं. मी या रस्त्यानं कोकणात अनेकदा गेलो असेन. ताम्हिणी आली की दरवेळी मोबाइलमध्ये तोंड घालायचो.

रस्त्यालगत एका ढाब्यामागं रत्नाबाईंचं नवं स्लॅबचं घर आहे. सिनेमाचं घर त्यांचंच, जुनं, तिथून खाली दहा मिनिटांच्या पायवाटेवर. साठीची बाई, उभ्या अंगाची. मृण्मयीनं सिनेमाचं नाव काढताच त्या हसल्या.

“त्या पोरांचा शिनेमा व्हय? आला का कंदी टीव्हीवर?”

मी म्हणालो, “काकू, मी भीमाबाईंचा मुलगा. पौडच्या.”

हसू थांबलं. त्यांनी मला खालीवर बघितलं. “भीमाबाईचा पोरगा व्हय तू. डोळं तिचंच हायेत.” मग आत बघून चहा टाकायला सांगितला. चहा चांगल्या कपातून आला, आणि मी तो पिईपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“आईचा आवाज आहे सिनेमात,” मी म्हणालो. “आतल्या खोलीच्या दारामागून.”

“घरातनं?” रत्नाबाई म्हणाल्या. “घरात न्हाई आली ती.”

“म्हणजे?”

त्यांनी पदर सारखा केला. “आमच्या सासूबाई हुत्या तवा. तुला कळतंय की बाबा. तिची चूल भायेर मांडली हुती, मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपरात. अठरा दिस तिनं तितंच केलं, तितंच झोपली. मला लई वाटायचं. पन माझं कोन ऐकतंय?”

मृण्मयी कपातल्या चहाकडे बघत राहिली. मी विचारलं, “ते दार त्या छपरात उघडायचं?”

“व्हय, त्याच दाराच्या मागं तिची चूल.”

म्हणजे सगळं जुळत होतं. आत माणूस टेकून बसलेला, दारापलीकडे छपरात आई, फळीतून आवाज आत आलेला. मला एकदम हलकं वाटलं. मी उठलो.

“जावा, बघा,” रत्नाबाई म्हणाल्या. “पन त्या दाराला हात लावू नगा. एकोनीस सालच्या पावसात मागची दरड गेली, छप्पर गेलं, समदं खाली गेलं. आता दाराच्या मागं पाय ठिवाया जागा न्हाई. कडीला तार गुंडाळलीया म्या.”

७

घर लहान, कौलारू, कुलूप नसलेलं. आत आता पेंढा ठेवतात. मृण्मयी ओसरीतच अडकली. चपलांचे चार जोड कुठं होते, कॅमेरा कुठं असेल, हे ती पावलं टाकून मोजत होती, मधूनच आनंदानं हाक मारत होती. मी आत गेलो.

खोली मोठी निघाली नाही. पडद्यावर ती मोठी दिसते. एका कोपऱ्यात पेंढ्याचे भारे, दुसऱ्या बाजूला छोटी खिडकी, तिच्यातून उन्हाचा तुकडा जमिनीवर. समोर दार. दोन फळ्यांचं, उडालेल्या निळ्या रंगाचं. कडीला तारेचे तीन-चार वेढे.

मी त्या माणसासारखा दाराला टेकून बसलो. वेगळं काही करावंसं वाटलं नाही. पाठीला फळीचा गारवा लागला, आणि मग लक्षात आलं की मघापासून पावसाचा आवाज येतोय.

पत्र्यावरचा पाऊस. सिनेमातला.

ओढा असेल. वारा असेल, वाळलेल्या पानांचा आवाज असाच येतो. मी उठून खिडकीतून बघितलं. पिवळं गवत, ऊन, एक शेळी. खिडकीपाशी काही ऐकू येत नव्हतं. दाराला कान लावला. पत्र्यावर धो धो पडत होता.

“अरे, जेवलास की नाही?”

मी मागं सरकलो. मनाशी म्हणालो, आवाज सोडलेलाच नाही, तू बटण दाबतोयस.

“किती वेळ उभा राहणार आहेस?” आवाज म्हणाला. “ये ना बाहेर.”

हे सिनेमात नव्हतं. आवाज तिचाच, अगदी तिचा, सर्दी झाल्यासारखा. माझ्या घशातून शब्द आले ते मी विचार करून काढले नव्हते.

“माझी आई असं बोलत नाही.”

पाऊस थांबला नाही, पण त्याच्या मागं कुणीतरी गप्प झालं. मी जे काम करतो त्यात ऐकणाऱ्या माणसाची शांतता ओळखता येते. ती तशी होती.

“मग कशी बोलते?”

आता सांगताना मला कळतं की तिथंच उठून जायला हवं होतं. पण मला इतक्या वर्षांत कुणी हे विचारलंच नव्हतं. ती कशी बोलायची, हे बाबासुद्धा विचारत नाहीत. मी दाराला कपाळ टेकलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं सांगत गेलो. ती ‘आरं’ म्हणते. ‘न्हाई’ म्हणते, नाही नाही. लई म्हणते. मला अभय म्हणत नाही, अब्या म्हणते. रागावली की आधी माझं नाव घेते आणि मग थोडं थांबते. मी बोलतच होतो. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

मी थांबलो.

“अब्या,” आई म्हणाली. आणि थोडं थांबली. “आरं, जेवला का न्हाई?”

ते अगदी बरोबर होतं. ते बरोबर आहे ते मीच आत्ता शिकवलं म्हणून, हे मला कळत होतं. पलीकडे जमीन नाही हेही कळत होतं. कळण्याचा हातांवर काही परिणाम होत नव्हता. ते तारेचा एक वेढा सोडवत होते, मग दुसरा. बोटाला तार लागून रक्त आलं. तिसरा वेढा निघाला आणि मी कडी काढली.

दार बाहेरच्या बाजूला चार बोटं सरकलं. फटीतून पावसाचा गार वारा तोंडावर आला. खाली, खूप खाली, हिरवं काहीतरी धुक्यात हलत होतं. आणि फटीसमोर, माझ्या छातीच्या उंचीवर, एक ताट होतं. स्टीलचं. त्यावर नाचणीची भाकरी, कडा करपलेल्या, वर वाफ. पावसाचे थेंब ताटात पडत होते. ताट किंचित हलत होतं, धरलेलं ताट हलतं तसं. धरणारा हात दाराच्या पलीकडे होता. आणखी दोन बोटं दार सरकलं असतं तर दिसला असता.

मी भाकरीकडे हात नेला.

“अभय!”

मृण्मयीनं मागून माझा शर्ट आणि पट्टा धरून मला ओढलं. आम्ही दोघं पेंढ्यावर पडलो. तिनं सरपटत जाऊन दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मग रडायला लागली. “तू बाहेर पाय टाकला होतास,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “दार सताड उघडं होतं. एक पाय बाहेर होता तुझा.”

तिनं दारातून काय बघितलं ते मी विचारलं. ऊन आणि दरी, ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या उजव्या बाहीवर गेली. बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. पाणी ठिबकत होतं.



८

त्यानंतर ग्रुप जमला नाही. मृण्मयीनं भिंतीवरचे दोरे काढले. जानेवारीत तिनं फोन करून एवढंच सांगितलं, की त्रेचाळिसाव्या मिनिटाचं वाक्य पुन्हा वहीतल्यासारखं झालंय. मी लावून बघितलं. खरंच. अक्षर न् अक्षर. धम्मदीपाला वाटलं मी आनंदानं रडतोय. मी पेन ड्राइव्ह तिच्याकडे दिला आणि ठेवून दे म्हणालो. आता ते कोण म्हणतंय, हे मला सांगता येत नव्हतं.

बाबांना मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. ते रागावतील, उठून जातील, असं वाटलं होतं आणि मला तेच हवं होतं. ते मशीन कानात घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“भाकरी कसली हुती म्हनलास?”

“नाचणीची.”

“करपल्याली?”

“कडेनं.”

त्यांनी मान हलवली.

पुढच्या गुरुवारी मी दवाखान्यात असताना रत्नाबाईंचा फोन आला. “तुजं वडील हितं आल्यात. सकाळच्या यष्टीनं. खालच्या घरात जाऊन बसल्यात, उठत न्हाईत. तू ये बाबा बिगी बिगी.”

मी कसा पोचलो ते सांगण्यात अर्थ नाही. पायवाटेवर दोनदा पडलो.

दार बंद होतं. कडी लावलेली, तार मात्र नव्हती. बाबा त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, लग्नाला आल्यासारखे. कानातलं मशीन काढून त्यांनी रुमालावर ठेवलं होतं. मशीनशिवाय त्यांना ढोल वाजला तरी पत्ता लागत नाही. त्यांनी मला हातानं गप्प बस अशी खूण केली.

मी पुढं झालो. दाराला कान लावला. काही नव्हतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसती फळी. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला बाबांचा हेवा वाटला.

बाबा ऐकत होते. मधेच हसले. मान डोलावून “व्हय, व्हय” म्हणाले. त्यांचा चेहरा मी इतका तरुण कधी बघितला नव्हता.

मी खाली बसलो, त्यांचं मनगट घट्ट धरलं, आणि मशीन त्यांच्या कानात बसवलं. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, झोपेतून उठवल्यासारखं.

“बाबा, काय म्हणाली?”

त्यांनी दाराकडे एकदा बघितलं. मग माझा हात आपल्या मनगटावरून हळूच सोडवला.

“ते तुला सांगू नगं म्हनलीया,” ते म्हणाले.